भूक लागली हे सांगायला पाच आठवडे

मार्च 2023 च्या पहिल्या आठवड्यात एकाच दिवशी मला दोन निरोप आले. सकाळी कराडहून फोन: "मॅडम, पोरगी फार सुकलीय हो. व्हिडिओवर बघवत नाही, गालफडं बसलीत." दुपारी स्पेनमधल्या सालामांका शहरातून ईमेल. तिथल्या समन्वयक बाईंनी लिहिलं होतं की यजमानीणबाईंच्या मते मुलीला त्यांचं घर आवडलेलं दिसत नाही, तिला दुसऱ्या घरी हलवलेलं बरं.

दोन्ही निरोप एकाच मुलीबद्दल होते. मी पुण्यात एका महाविद्यालयात स्पॅनिश शिकवते. एखाद-दुसरी विद्यार्थिनी दरवर्षी एका सेमिस्टरसाठी स्पेनला जाते, तिची तयारी करून घेणं माझ्याकडे असतं. ही मुलगी त्या वर्षीची माझी सगळ्यात तयारीची विद्यार्थिनी होती. व्याकरण चोख, उच्चार स्वच्छ, वाचन दांडगं. अडचण येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. जे घडलं ते तिच्या, तिच्या आईच्या आणि यजमानीणबाईंच्या परवानगीने लिहिते आहे. नावं देत नाही. आपली मुलं आता मोठ्या संख्येने परक्या घरांत राहायला जातात. त्यांना पाठवणाऱ्या शिक्षकांनी आणि पालकांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण यातली एक मोठी चूक माझ्याच वर्गात झाली होती.

घर

सालामांका माद्रिदपासून साधारण दोनशे किलोमीटरवर, तोर्मेस नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर आहे. विद्यापीठ 1218 सालचं. जवळच्या व्हियामायोर गावच्या पिवळसर दगडात बांधलेलं जुनं शहर संध्याकाळी सोन्यासारखं दिसतं आणि सगळ्या छायाचित्रांत तेच असतं. यजमानीणबाईंचं घर मात्र त्या शहरात नाही. ते उत्तरेकडच्या गारिदो या साध्या वस्तीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. बाई तेव्हा 67 वर्षांच्या होत्या. यजमान काही वर्षांपूर्वी गेले, मुलगा नोकरीनिमित्त माद्रिदला. त्याची खोली रिकामी राहिली, तेव्हापासून त्या परदेशी विद्यार्थ्यांना ठेवून घेतात. पुढे मी त्यांना सेन्योरा, म्हणजे बाईसाहेब, म्हणेन, मुलगीही तेच म्हणायची, आणि गाडी अडली त्यात या शब्दाचाही वाटा होता.

कराराला तिथे 'पेन्सियोन कोंप्लेता' म्हणतात: खोली, तीन वेळचं जेवण, आठवड्यातून एकदा कपडे धुणं. स्वयंपाकघर सेन्योराचं, विद्यार्थ्याने तिथे स्वतःचं काही शिजवायचं नाही. फेब्रुवारी ते जून एवढाच मुक्काम, म्हणजे 180 दिवसांच्या आत, त्यामुळे व्हिसा हातात असल्यावर तिथे जाऊन परदेशी रहिवाशाचं वेगळं ओळखपत्र काढायची कटकट नव्हती. कागदपत्रं हा या प्रकरणातला सगळ्यात सोपा भाग होता.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण तिच्याभोवती बरंच काही फिरलं. सालामांका ज्या पठारी भागात येतं त्या कास्तियाच्या जुन्या घरांत 'मेसा कामिया' असते. गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड, आणि आत पायांशी शेगडी, पूर्वी निखाऱ्यांची, आता विजेची. सगळ्यांनी ते कापड मांडीवर ओढून घ्यायचं आणि पाय ऊबेत ठेवून बसायचं. फेब्रुवारीत तिथे रात्री पारा शून्याखाली जातो. बाकीचं घर गार असलं तरी टेबलाशी बसलेला माणूस गरम असतो. म्हणजे त्या घरात ऊब हवी असेल तर माणसांत येऊन बसावं लागतं.

काय बिनसलं

मुलगी शाकाहारी, घराबाहेर अंडं खाते, पुढे नाही. पहिल्याच दिवशी तिने वर्गात पाठ केलेलं वाक्य म्हटलं: 'नो कोमो कार्ने', मी मांस खात नाही. सेन्योरांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी ट्यूना मासा घातलेलं सॅलड वाढलं. तिसऱ्या दिवशी मटार, त्यात हामोनचे, म्हणजे खारवून सुकवलेल्या डुकराच्या मांसाचे, बारीक तुकडे. चौथ्या दिवशी मसूर, त्यातला चोरिथो, म्हणजे डुकराच्या मांसाचा लाल मसालेदार सॉसेज, वेचून काढलेला, पण रस्सा त्याच्याच रंगाचा. यात फसवणूक नव्हती की निष्काळजीपणाही नव्हता. बोलीभाषेत 'कार्ने' म्हटलं की तिथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मांसाचा तुकडा येतो. मासा वेगळा, आणि हामोन तर चवीपुरतं घालायची वस्तू, आपण खोबरं भुरभुरावं तशी. सेन्योरांच्या मते त्या कसोशीने नियम पाळत होत्या.

मुलीने काय करायला हवं होतं ते उघड आहे. तिने मात्र 'नो, ग्रासियास' म्हटलं, नको, धन्यवाद, आणि पाव खाल्ला.

आपल्याकडे पहिलं 'नको' हे नको नसतं. पाहुणा नको म्हणतो, घरचं माणूस आग्रह करतं, पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, तरी पोळी पडतेच. हा खेळ दोन्ही बाजूंना ठाऊक असतो. मुलगी दुसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट बघत होती. सेन्योरांनी वीसेक वर्षांत अमेरिकी, जर्मन, जपानी मुलं ठेवली होती. नको म्हणणाऱ्याला पुन्हा विचारणं म्हणजे त्याला त्रास देणं, हे त्या अनुभवातून शिकल्या होत्या. त्यांनी थाळी उचलली. पुढच्या वेळी वाढतानाच थोडं कमी वाढलं. पाच आठवड्यांत मुलीचं चार किलो वजन उतरलं, आणि एकदाही कुणाचा आवाज चढला नाही.

जेवण झालं की ती लगेच उठायची, ताट विसळायची आणि खोलीत जायची. घरचं वळण: परक्या घरी खरकटं ठेवून बसू नये. त्यात तिथलं दुपारचं जेवण तीनच्या सुमारास आणि साडेतीन म्हणजे भारतात रात्रीचे आठ. तिच्या आई पतसंस्थेत नोकरीला आहेत. घरी येऊन स्वयंपाक उरकून त्यांना फोनला मोकळी होणारी वेळ हीच. रोज साडेतीनला खोलीचं दार बंद व्हायचं आणि आतून मराठी ऐकू यायचं. हीच नेमकी 'सोब्रेमेसा'ची वेळ. जेवण संपल्यावर टेबलावरून न उठता, कॉफी घेत, काहीबाही बोलत बसायचं, त्या बसण्याला स्पॅनिशमध्ये हा स्वतंत्र शब्द आहे. सेन्योरा कापडाखाली पाय घेऊन एकट्या बसत. ज्यासाठी त्यांनी घरात माणूस ठेवलं होतं, ती वेळ रोज रिकामी जात होती.

पायांचंही झालं. आपण घरात अनवाणी वावरतो. स्पेनमध्ये घरात सपाता घालतात, आणि गार फरशीवर अनवाणी फिरणारी मुलगी बघून कुठल्याही आजीचा जीव खालीवर होतो. सेन्योरांनी बाजारातून लोकरीच्या सपाता आणल्या. मुलीने त्या आदराने घेतल्या आणि खोलीच्या दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या. चपला खोलीत कशा न्यायच्या? सेन्योरांना रोज सकाळी आपली भेट दाराबाहेर पडलेली दिसायची.

आणि तिसऱ्या आठवड्यात तो शब्द आला. मुलगी नीट जेवत नाही, काही मागत नाही, हे बघून सेन्योरांनी मऊ आवाजात विचारलं: 'ते दा बेर्ग्वेन्था?' मी वर्गात 'बेर्ग्वेन्था' म्हणजे लाज असं शिकवलं होतं. मुलीने मनात जसंच्या तसं मराठी केलं: तुला लाज वाटते का? हे वाक्य आपल्या कानावर कधी पडतं ते सगळ्यांना माहीत आहे. ती 'पेर्दोन' म्हणाली, खोलीत गेली आणि रडली. सेन्योरा खरं तर विचारत होत्या, तुला मागायला भीड वाटते का गं? भीड, संकोच, लाज, हे सगळं त्या एका शब्दात मावतं. कुठला अर्थ घ्यायचा ते स्वरावरून आणि प्रसंगावरून कळतं. शब्दकोशातला पहिला अर्थ देऊन मी पुढच्या पानावर गेले होते. तिला नेमका हवा असलेला शब्द तिच्यापुढे ठेवला गेला होता आणि माझ्या शिकवण्यामुळे तिने तो थपडेसारखा घेतला. याचं मला आजही वाईट वाटतं.

दोन फोन

मुलीला हलवणं सोपं होतं. समन्वयक बाईंकडे दुसरं घर तयार होतं आणि शाकाहारी मुलं ठेवायचा त्या घरच्यांना अनुभवही होता. मी दोन दिवस मागितले आणि दोघींना वेगवेगळा फोन केला.

सेन्योरा आधी थोडं तुटक बोलल्या, मग भडभडून बोलल्या. जेवणाबद्दल त्यांची फारशी तक्रार नव्हती. न खाणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांना लागलं होतं ते वेगळंच. "ती मला उस्तेद म्हणते," त्या म्हणाल्या. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं की मला तू म्हण. हो म्हणाली आणि परत उस्तेद. मी काय बँकेतली बाई आहे?"

'तू' आणि 'उस्तेद' म्हणजे आपलं तू आणि तुम्ही, असं मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते. मोठ्या माणसांना उस्तेद. नियम चूक नाही, पण तो देश बघून, घर बघून लावायचा असतो. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतात, घरच्या घरातही उस्तेद सर्रास ऐकू येतं आणि त्यात जिव्हाळा असतो. स्पेनमध्ये ते गेल्या काही दशकांत मागे हटत गेलं आहे. एका छताखाली, एका टेबलावर जेवणाऱ्या माणसाने ते धरून ठेवलं तर ते दार लोटून घेतल्यासारखं वाटतं.

मुलीला मी विचारलं, "अगं, त्या तू म्हण म्हणाल्या तर म्हणत का नाहीस?"

"मॅडम, 67 वर्षांच्या आहेत त्या. माझ्या तोंडून निघतच नाही."

"घरी आजीला काय म्हणतेस?"

पलीकडे शांतता. मग हळूच, "ए आजी."

मराठीत आदराचा नियम वयाने चालत नाही, हे मलाही त्या क्षणापर्यंत कधी नीट उमगलं नव्हतं. वडिलांना अहो बाबा म्हणणाऱ्या घरातही आई 'ए आई' असते. बहुतेक घरांत आजीही. जिच्या कुशीत शिरता येतं तिला आपण तू म्हणतो. सेन्योरा तेच मागत होत्या आणि मुलगी त्यांना सासरच्या माणसासारखं अहो-जाहो करत होती.

मग मी विचारलं, "तुला भूक लागते का?" ती म्हणाली, "रोज. रात्री झोप येत नाही." हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं, कारण आईने निघताना बजावलं होतं: परक्या घरी ताटात पडेल ते खायचं, मागायचं नाही, नावं ठेवायची नाहीत. हे बजावणं कुठून येतं तेही नंतर कळलं. तिचे पणजोबा पुण्यात वार लावून जेवून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या मुलांना मागायची सोय नव्हती. अन्न उपकाराचं होतं. त्या पिढीने ती भीड घरात संस्कार म्हणून जपली आणि ती चार पिढ्या उतरून सालामांकात पोचली. गंमत अशी की सालामांकालाही हे नवं नाही. सोळाव्या शतकात तिथले विद्यार्थी विद्यापीठाने परवाना दिलेल्या माणसांच्या घरी पैसे देऊन राहत-जेवत आणि पोटभर मिळत नाही म्हणून मोठ्याने कुरकुरत. पैसे दिले होते, म्हणून त्यांना कुरकुरता येत होतं.

आमच्या मुलीनेही पैसे दिले होते. पण ती पेइंग गेस्ट आहे, पाहुणी आहे की घरची आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिने तिन्हींतली सगळ्यात अवघड भूमिका घेतली: उपकारावर जेवणाऱ्या मुलीची. मी तिला स्पष्ट सांगितलं की ज्याचे पैसे दिलेत ते मागायचंच आहे, त्यात सेन्योरांचा अपमान नाही. माया आपोआप येईल, न आली तरी पोट भरलेलं असेल.

हलवायचं नाही

तिला दोन आठवडे तिथेच राहू द्यायचं ठरलं. तिने काय बोलायचं तेही ठरलं. स्पॅनिश तिला माझ्यापेक्षा फार कमी येत नाही, पण ही वाक्यं तिने माझ्यासोबत फोनवर दहादा म्हटली. 'तेंगो आम्ब्रे', मला भूक लागली आहे. 'मे दा बेर्ग्वेन्था पेदिर', मला मागायला भीड वाटते. दुसरं वाक्य तिला लगेच जमलं. 'मला आवडतं', 'मला भीड वाटते' ही रचना आपल्यासारखीच आहे. मराठी मुलांना 'मे गुस्ता' समजावावं लागत नाही, मराठीत विचार करा एवढंच सांगावं लागतं. पहिल्या वाक्यावर ती अडखळायची. म्हणाली, "मॅडम, हे मी मराठीतही कुणाला म्हटलेलं नाही. आई तोंड बघून ओळखते."

आईंशी बोलून फोनची वेळ बदलली. तिथले सकाळचे नऊ म्हणजे इथले दुपारचे दीड, पतसंस्थेतली जेवणाची सुट्टी. आईंना हे जड गेलं. पंधरा मिनिटांत काय बोलणार? आणि तिच्या जेवणाची चौकशी आता आदल्या दिवसाच्या शिळ्या जेवणाची होणार. पण त्यांनी मानलं.

जेवणाबद्दल मुलीने 'मांस नाही' ऐवजी एकेक नाव घेतलं: हामोन नाही, चोरिथो नाही, ट्यूना नाही, हाडांचं पाणी नाही. यादी सेन्योरांनी कागदावर उतरवून फ्रिजवर लावली. आणि मग जे मला आधीच सुचायला हवं होतं ते त्या घरात आपोआप घडलं. सालामांकाच्या उत्तरेचा ला आर्मुन्या हा पट्टा मसुरासाठी नावाजलेला आहे. हिरवट, मोठ्या दाण्याचा, शिजला तरी साल न सुटणारा मसूर. जवळचंच पेद्रोसियो बारीक हरभऱ्यासाठी प्रसिद्ध. कास्तियाचा सगळा हिवाळी स्वयंपाक कडधान्यांवर उभा आहे. आपण वरचा चोरिथो बघून घाबरतो. लसूण, कांदा, तमालपत्र आणि धुरावलेली तिखट-गोड मिरचीपूड घातलेला बिनचोरिथोचा मसूर मुलीने पहिल्यांदा खाल्ला तेव्हा दोनदा मागून घेतला. 'तेंगो आम्ब्रे' तिने त्या दिवशी म्हटलं. सेन्योरा काही न बोलता उठल्या आणि ताव्यावर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे बटाटा घातलेलं अंड्याचं जाड ऑम्लेट, टाकली.

22 मार्चला गुढीपाडवा होता. सेन्योरांनी स्वतःहून स्वयंपाकघर दिलं, एका दुपारीपुरतं. मुलीने घट्ट दही फडक्यात टांगलं, साखर घोटली. वेलची मिळाली, केशराचं काय करायचं म्हणून ती थांबली, तर सेन्योरांनी कपाटातून स्पेनमधल्याच ला मांचा भागातल्या केशराची डबी काढून पुढे ठेवली. त्या दिवशी साडेतीनला ती टेबलावरून उठली नाही.

जे सुटलं नाही

सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. एप्रिलमध्ये गॅसवरून खटका उडाला. त्या घरात पाणी तापतं ते 12.5 किलोच्या नारिंगी सिलिंडरवर, आणि मुलीचे केस लांब. महिन्याला एक जास्तीचा सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवावा लागत होता. सेन्योरांनी या वेळी थेट सांगितलं, मुलीला थेट लागलं, आणि दोन दिवस अबोला राहिला. मला हा खटका चांगला वाटला. मार्चआधी तो होऊच शकला नसता.

दुसरं जास्त गंभीर आहे. घराशी सूर जुळल्यावर मुलगी घरातच रमली. रात्रीच्या साडेनऊच्या जेवणाला ती हजर असायची, तेव्हा तिच्या वर्गातली मुलं चौकात जमत. तिला सालामांकात तिच्या वयाची एकही जवळची मैत्रीण झाली नाही आणि एका विषयात गटचर्चेचे गुण फार कमी पडले. मी सेन्योरांकडे लक्ष देत राहिले, तिच्या वयाच्या मुलांकडे नाही. पुन्हा असा प्रसंग आला तर घराची घडी बसल्यावर मी लगेच विचारीन, बाहेर कोण आहे?

17 एप्रिलला 'लुनेस दे आग्वास' होता. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सालामांकाची माणसं तोर्मेसच्या काठी गवतावर बसून ओर्नाथो खातात. तो डुकराचं मांस, चोरिथो आणि अंडी भरून भाजलेला मोठा पाव. सेन्योरांनी दोन केले. छोट्यात अंडं, पालक आणि भाजलेली सिमला मिरची होती, वरच्या कणकेच्या जाळीत मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर, म्हणजे चुकून बदलायला नको. माद्रिदहून आलेला मुलगा आईला म्हणाला, माझं अक्षर कधी काढलं नाहीस. मुलीने हे मला हसत सांगितलं, त्याच्या बोलण्याची नक्कल करून, 'तू'सकट.

तवा मात्र शेवटपर्यंत एकच राहिला. हामोन ज्यात परतायचं त्यातच तोर्तिया, तेलही तेच. मुलीने ते पाहिलं होतं, विचार केला होता आणि सोडून दिलं होतं. हा निर्णय तिचा एकटीचा होता. मी त्यात पडले नाही.

हे लिहायची परवानगी मागितली तेव्हा ती म्हणाली, "आधी आईला तव्याचं सांगते, मग लिहा." तिने सांगितलं. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "तेल तरी वेगळं असायचं का?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "त्यांचा पत्ता दे. मसाला पाठवायचाय."